मॉनिटर २७ की ३२? लवकर सांगा, सेल उद्या रात्री संपतोय

आवराआवर
घरून काम करतो. आतापर्यंत लॅपटॉपच्या १४ इंची पडद्यावर भागवलं, आता मान आणि डोळे दोघंही कुरकुरायला लागलेत. २७ आणि ३२ इंची असे दोन मॉनिटर कार्टमध्ये टाकून ठेवलेत, किमतीत फरक चार हजारांचा. कुठला घेऊ? टेबल लहान आहे आणि त्याच्यावर पसारा मला खपत नाही, वायरी लोंबकळताना दिसायला नकोत, एवढीच अट. जुने धागे वाचा म्हणू नका, वाचलेत, त्यात सगळे गेमिंगवरून भांडतायत.

सांडगी_मिरची
३२. डोळे मिटून. मोठा घेतल्याचा पश्चात्ताप कुणाला झालेला मी तरी पाहिला नाही.

तळटीप
काम काय करता? लॅपटॉप कुठला? मॉनिटरचं रिझोल्यूशन काय, म्हणजे आडवे-उभे किती पिक्सेल (ठिपके)? आणि टेबल लहान म्हणजे किती? खोली सांगा, भिंतीपासून तुमच्या पोटापर्यंतची. लांबीचं नंतर बघू.

रात्रपाळी
रिफ्रेश रेट बघा आधी, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते. १४४ हर्ट्झच्या खाली आता काही घेऊ नका. एकदा १८० ची सवय झाली की ६० वर माउससुद्धा अडखळतो.

आवराआवर
ऑफिसचा लॅपटॉप आहे, विंडोज. अकाउंट्सचं काम, म्हणजे एक्सेल, टॅली, जीएसटी पोर्टल. दोन्ही मॉनिटर २५६० बाय १४४०. टेबल ३ फूट लांब. गेम खेळत नाही. २७ की ३२ एवढंच सांगा हो.

तळटीप
मग निम्मं उत्तर इथेच मिळालं. दोन्हींचं रिझोल्यूशन एकच आहे, म्हणजे दोन्हींवर मावणारा मजकूरही तेवढाच. एक्सेलची नेहमीची रुंदी ठेवली आणि विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी करायची सेटिंग) १०० टक्के असलं, तर १९२० रुंदीच्या पडद्यावर साधारण २९ कॉलम दिसतात आणि २५६० वर ३९ च्या आसपास. २७ वरही ३९ आणि ३२ वरही ३९. चार हजार जास्त मोजून एक कॉलम वाढत नाही, फक्त अक्षर मोठं होतं.
आणि मोठं म्हणजे भरड. २७ इंचीवर इंचाला १०९ पिक्सेल येतात, ३२ वर ९२. २४ इंची फुल एचडीलाही ९२ च असतात.

सांडगी_मिरची
अक्षर मोठं होतं हा तोटा कसा काय? चाळिशी ओलांडली की तोच फायदा असतो. आकडेमोड करून मॉनिटर घेत नसतात, समोर बसून बघायचा असतो.

तळटीप
समोर बसून बघायला तो आधी टेबलावर मावला पाहिजे. खोली अजून कळलेली नाही.

जर्सीसिटीकर
आमच्याकडे कॉस्टको नावाच्या मोठ्या दुकानातून आणायचा, घरी लावून बघायचा, पटला नाही तर ९० दिवसांच्या आत परत. एवढा विचारच करावा लागत नाही. तिकडे दुकानदार असं देत नाहीत का अजून?

बटाट्याची_चाळण
नाही देत. चला, पुढचे.

जोडाक्षर
२७ च घ्या, पण फोरके, म्हणजे ३८४० बाय २१६० वाला. मी मुद्रितशोधनाचं काम करते, दिवसभर देवनागरी वाचते. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ मधला फरक, अनुस्वार आहे की पडद्यावरची धूळ, हे साध्या मॉनिटरवर अक्षर मोठं केल्याशिवाय कळायचं नाही. २७ इंची फोरकेला इंचाला १६३ पिक्सेल पडतात. विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग ठेवलं की जागा २५६० बाय १४४० एवढीच मिळते, पण अक्षर छापल्यासारखं दिसतं.

तळटीप
ते अकाउंटंट आहेत, ताई. आकड्यांत जोडाक्षरं नसतात.

जोडाक्षर
८ आणि ६ मधला फरक तरी असतो ना? जीएसटीच्या पोर्टलवर १५ अक्षर-अंकांचा नंबर वाचून बघा एकदा, मग बोला.

नाना_नवलाईचे
कशाला एवढं? ४३ इंची फोरके टीव्ही घ्या, मॉनिटरपेक्षा स्वस्त पडतो आणि रात्री मॅचही दिसते. मी तोच वापरतो.

रात्रपाळी
नाना, टीव्हीवर बारीक अक्षरांच्या कडांना रंग फुटतात. चित्र टीव्हीकडे जाताना रंगाची माहिती निम्म्यावर आणलेली असते, सिनेमात ते जाणवत नाही, काळ्यावर लाल अक्षर आलं की लगेच दिसतं. सेटिंगमध्ये त्या पोर्टला पीसी मोड द्या, बऱ्याच टीव्हींवर सुधारतं. आणि ३ फुटांच्या टेबलावर ४३ इंची टीव्ही? टेबल ९१ सेंटीमीटर, टीव्ही ९५ च्या पुढे.

नाना_नवलाईचे
माझं टेबल मोठं आहे.

कोकमसार
३२ च्या वर जाऊच नका, तिथे जीएसटी २८ टक्के लागतो. म्हणून तर कंपन्या बरोब्बर ३२ वर थांबतात.

आवराआवर
लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरना आणि टीव्हींनाही १८ च आहे. जुनी माहिती पसरवू नका.

बटाट्याची_चाळण
कराचा दर तारखेसकट येतो, टेबलाची खोली मात्र दोनदा विचारून निघत नाही. 😄

आवराआवर
घ्या, मोजली. १८ इंच. वर पुस्तकांची फळी आहे, टेबलापासून फळीच्या खालच्या बाजूपर्यंत २० इंच. आणि संध्याकाळी टेबल मिटतं. आता सांगाल का?

तळटीप
मिटतं म्हणजे?

आवराआवर
मिटतं म्हणजे भिंतीला बिजागऱ्यांवर लावलेलं घडीचं टेबल आहे. सहानंतर ते खाली पाडतो आणि तिथे मुलीची गादी पडते. वन बीएचके आहे, ठाण्यात. पसारा नको म्हटलं होतं ना सुरुवातीलाच.

बटाट्याची_चाळण
अहो हेच तर पहिल्या ओळीत लिहायचं! इथे निम्मी मंडळी पिक्सेल मोजतायत आणि तुम्ही रोज संध्याकाळी मॉनिटर ठेवणार कुठे? कपाटावर?

आवराआवर
उचलून बाजूला ठेवेन, त्यात काय. लॅपटॉपही तसाच ठेवतो.

गिरमिट
वाचत होतो, आता बोलावं लागेल. फर्निचरचंच काम करतो. २७ इंची मॉनिटर स्टँडसकट पाच-सहा किलो भरतो आणि उचलताना पडद्यावर अंगठा दाबला जातोच. चार दिवस हौसेने उचलाल, पाचव्या दिवशी टेबल मिटायचं बंद. अशी घडीची टेबलं कायमची उघडी राहिलेली मी बऱ्याच घरांत पाहिलीत.
आता प्रश्न. (१) टेबलाची फळी मिटताना खाली लोंबते की वर भिंतीला जाते? ‘खाली पाडतो’ म्हणालात, पण खात्री करून सांगा. वर जात असेल तर मी पुढे सांगतोय ते सगळं बाद. (२) भिंत कसली? इमारत कधीची? (३) टेबलाच्या आसपास स्विचबोर्ड कुठे आहे?

वास्तुपुरुष७
काम करताना तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला असावं. मॉनिटरची दिशा कोणी विचारलीच नाही.

मोरपंखी
दिशेपेक्षा खिडकी कुठे आहे ते विचारा. पाठीमागे असली तर दिवसभर पडद्यात स्वतःचंच डोकं दिसतं.

आवराआवर
गिरमिट, फळी खालीच लोंबते. इमारत २०१९ ची, बिल्डरने मिवान मिवान म्हणून विकली होती. बोर्ड टेबलाच्या उजव्या टोकाला, जरा वर. मोरपंखी, खिडकी डावीकडे आहे. वास्तुपुरुष, वन बीएचकेत जिकडे भिंत मिळेल तिकडे तोंड.

गिरमिट
मग जमलंच. मॉनिटर टेबलावर ठेवूच नका. भिंतीवरचा ब्रॅकेट घ्या, पुढे-मागे सरकणारा. टेबल खाली पाडा, मॉनिटर भिंतीला चिकटून राहील. गादी पडो नाहीतर आणखी काही.
टेबलाच्या कडेला शिकंजासारखा आवळायचा आर्म यूट्यूबवाले दाखवतात, तो तुमच्याकडे अजिबात नको. सगळा भार बिजागऱ्यांवर येतो, आणि फळी पार्टिकल बोर्डची असेल तर कड चुरगळते.
मिवान म्हणजे भिंती काँक्रीटच्या. साधं ड्रिल नुसतं फिरत राहील, हॅमर ड्रिल लागेल. पण एकदा ८ एमएमचा फास्टनर बसला की मॉनिटरचं वजन त्याला काहीच नाही. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र, ठोकळ्यांची भिंत असती तर साधा गिट्टा सैल पडतो, तिथे लांब नायलॉनचे नाहीतर केमिकल अँकर घालावे लागतात. मिवानच्या इमारतीतही एखादी आतली भिंत ठोकळ्यांची निघते, म्हणून आधी एक बारीक भोक पाडून बघा. राखाडी, कडक भुकटी आली तर काँक्रीट, पांढरी आणि मऊ आली तर सिपोरेक्स.
स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडवं भोक पाडायचं नाही. वायरींचे पाइप तिथूनच गेलेले असतात.

कोकमसार
आणि दुपारी दोन ते चार ड्रिल मारू नका, सोसायटीचा मेसेज येतो. आमच्याकडे एकाने रविवारी दुपारी हॅमर ड्रिल चालवलं, त्यावर अजून ग्रुपवर चर्चा चालू आहे.

बटाट्याची_चाळण
आमच्या सोसायटीत तर नूतनीकरणाचं डिपॉझिट मागतात, चार भोकांसाठीसुद्धा.

जर्सीसिटीकर
इथे भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ पाट्यांच्या, आतला लाकडी खांब शोधायला वेगळं यंत्र घ्यावं लागतं. तुमचं बरं आहे.

तळटीप
आता मोजमाप जुळवतो. पुस्तकांच्या फळीखाली २० इंच म्हणजे ५१ सेंटीमीटर. २७ इंचीचा नुसता पडदा कडांसकट ३६-३७ सेंटीमीटर उंच आणि ६१ रुंद. ३२ चा ४२-४३ उंच, ७१ रुंद. स्टँडवरचे बरेचसे ३२ इंची ५१ मध्ये उभेच राहत नाहीत. ब्रॅकेटवर राहतील, पण वर-खाली करायला जेमतेम चार बोटं उरतील.
शिवाय अंतर. टेबल ४५ सेंटीमीटर खोल. स्टँडवर ठेवला तर त्याच्या पायामुळे पडदा भिंतीपासून निदान १२-१५ पुढे येतो, डोळे टेबलाच्या कडेपासून २० मागे धरले तर अंतर उरतं जेमतेम ५०-५५. एवढ्या जवळून ३२ च्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मान फिरवावी लागते. भिंतीवर लावला की दहाएक सेंटीमीटर परत मिळतात. तेवढ्यात २७ आरामात बसतो.
थोडक्यात २७, भिंतीवर.

सांडगी_मिरची
माझं टेबल अडीच फूट खोल आहे, हे आधी विचारलं असतं तर मीही ३२ म्हटलं नसतं.

मोरपंखी
आवराआवर, चष्मा आहे का? प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) असेल तर ‘पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत’ हा नियम तुमच्यासाठी नाही. जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, पडदा उंच असला की हनुवटी वर करून बघत बसता. मानेचं दुखणं तिथूनच सुरू होतं. ब्रॅकेट ठोकायच्या आधी पुठ्ठ्याचा तुकडा त्या मापाने कापून भिंतीला चिकटवा, खुर्चीत बसून बघा, मगच खुणा करा.

आवराआवर
प्रोग्रेसिव्हच आहे. पुठ्ठा लावून बघतो, फ्रिजचा खोका अजून माळ्यावर आहे.
वायरीचं काय? भिंतीवर लावला तर दोन वायरी खाली लोंबकळणार.

तळटीप
लॅपटॉपला टाइप-सी आहे का? त्याच्या शेजारी बाणाचं टोक असलेली विजेची खूण किंवा छोटा डी काढलेला आहे का? नुसतं टाइप-सी असून भागत नाही, काही पोर्ट फक्त डेटाचे असतात. खूण असेल तर टाइप-सीवाला मॉनिटर घ्या, ६५ वॉटचं चार्जिंग देणारा. लॅपटॉपकडे एकच वायर येते, चित्रही तिच्यातून आणि चार्जिंगही. कार्टमधल्या दोघांत हे आहे का बघा, स्वस्तात बहुधा नसतं.
डिस्प्लेलिंकवाला, म्हणजे यूएसबीतून सॉफ्टवेअरच्या मदतीने चित्र पाठवणारा, अडॅप्टर मात्र घेऊ नका. त्याला ड्रायव्हर लागतो आणि ऑफिसचा लॅपटॉप तो टाकू देईलच असं नाही.

गिरमिट
मॉनिटरची पॉवरची वायर बोर्डापर्यंत केसिंग पट्टीतून न्या, भिंतीच्या रंगाने रंगवा, दिसत नाही. टाइप-सीची वायर टेबलाच्या कडेला एका क्लिपमध्ये अडकवून ठेवा, संध्याकाळी लॅपटॉप काढला की ती तिथेच राहील.

जोडाक्षर
आणि घेतच आहात तर फोरके. टाइप-सीवाल्या २७ इंचीत फोरकेचे पर्याय बरेच मिळतात. एचडीएमआयने जोडणार असाल तर आधी पोर्ट तपासा, जुन्या १.४ वर फोरके ३० हर्ट्झवरच चालतं.

तळटीप
तुमचं पुन्हा सुरू झालं. पैसे उरत असतील तर घ्या, पण टाइप-सी आणि ब्रॅकेटचा खर्च आधी धरा.

आवराआवर
विजेची खूण आहे, बाण असलेली. कार्टमधल्या दोघांनाही टाइप-सी नाही, दोघंही काढले. दुसरा २७ इंची सापडला, क्यूएचडी म्हणजे तेच २५६० बाय १४४०, टाइप-सी ६५ वॉट, पहिल्या २७ पेक्षा अडीच हजार जास्त. फोरके बजेटच्या बाहेर जातोय, जोडाक्षर, माफ करा. ब्रॅकेट कसा बघायचा? त्यात ७५ आणि १०० लिहिलंय.

गिरमिट
मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांमधलं अंतर आहे ते, मिलिमीटरमध्ये. २७ ला बहुधा १०० बाय १००. मॉनिटरच्या माहितीत वेसा असं लिहिलेलं शोधा. लिहिलेलंच नसेल तर तो मॉनिटर घेऊ नका, काही पातळ मॉडेलना पाठीला भोकंच नसतात. ब्रॅकेट मात्र दोन सांध्यांचा घ्या, एक सांध्याचा बाजूला वळतो पण सरळ पुढे येत नाही.

मोरपंखी
लॅपटॉप मिटून ठेवणार असाल तर कॅमेराही मिटतो, मीटिंगला वेगळा वेबकॅम लागेल.

आवराआवर
मीटिंगला लॅपटॉप उघडाच ठेवेन. वेसा १०० बाय १०० लिहिलंय. केली ऑर्डर. ड्रिलवाला शनिवारी सकाळी येतोय, हॅमर ड्रिल आणायला सांगितलंय.

हिरवा_चाफा
धागा सगळा वाचला नाही, पण ३२ घ्या, कर्व्ह्ड, वळलेल्या पडद्याचा. मी दिवाळीत घेतला, टेबलावर राजासारखा दिसतो.

बटाट्याची_चाळण
टेबलाची खोली किती?