प्रतिसाद: मेश बारीक केली की ताण वाढतच जातो

भाऊ, टाकीचा ताण कॉम्प्युटरवर काढताना मेश (मॉडेलचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केली की ताण वाढतच जातो, असं तुम्ही म्हणता. पण ताण वाढतोय म्हणून प्लेट जाड करू नका, पैसे वाया जातील. हिंगण्याच्या एका शॉपसाठी चौकोनी टाकी केली होती. बॅफलच्या (टाकीतल्या आडप्लेटच्या) खाचेच्या कोपऱ्यात 20 मिमी मेशला ताण 210 एमपीए (ताणाचं एकक), 10 ला 288, 5 ला 395! काटकोनी आतल्या कोपऱ्यात मेश निम्मी केली की ताण साधारण 1.37 पट होणारच. इलास्टिक गणितात (धातू कायमचा वाकत नाही असं धरून) तिथे उत्तर अनंतच आहे. खऱ्या खाचेला गोलाई असते, ती मॉडेलमध्ये द्या, आकडा थांबतो. स्टिफनरच्या (प्लेट ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) टोकाला वेल्ड असेल तर वेल्डच्या 'टो'पासून, म्हणजे वेल्ड प्लेटला मिळते त्या कडेपासून, जाडीच्या 0.4 आणि 1.0 पट अंतरावरचे ताण घेऊन सरळ रेषेत मागे त्या कडेपर्यंत वाढवा. 8 मिमी प्लेटला 3.2 आणि 8 मिमी. पण असा काढलेला ताण, म्हणजे हॉट-स्पॉट ताण, फटीगसाठी (पुन्हापुन्हा भार येऊन तडा जाण्यासाठी), म्हणजे टाकी रोज भरते-रिकामी होते तेव्हा. नुसत्या पाण्याच्या स्थिर भाराला चित्रातल्या सर्वाधिक ताणाच्या त्या एका लाल ठिपक्याकडे कशाला बघता?