मदत हवी आहे: फिर्यादी कोर्टात वेगळंच बोलला तर एफआयआरचं वजन किती?

नवशिका_वकील: सरावखटल्यात बचावपक्ष माझ्याकडे आहे. मारहाण रात्री ९ ची, एफआयआर दुसऱ्या दिवशी दुपारी २ ची. तीत दोन आरोपी, दोघांकडे काठ्या. सरतपासात (सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देताना) फिर्यादी म्हणतो, तिघे होते आणि तिसऱ्याकडे कोयता. हे कसं पकडायचं? आणि तो साफ फितूर झालाच, तर एफआयआर वाचून शिक्षा होईल?

उलटतपास: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ: नाही. एफआयआर हा मूळ पुरावाच नव्हे. देणाऱ्याच्याच साक्षीला पुष्टी द्यायला (साक्ष अधिनियम २०२३, कलम १६०) किंवा त्यालाच खोडायला (कलम १४८) ती वापरतात. निसार अली खटल्यापासून (१९५७) हे पक्कं आहे. ठाणे अंमलदाराने तिच्यावर निशाणी (कोर्टाचा पुरावा क्रमांक) पाडून घेतली म्हणून आतला मजकूर शाबीत होत नाही. ही चूक फार जण करतात.

आता कोयता. "तुम्ही खोटं बोलता" असं मोघम विचारून काही हाती लागत नाही. आधी विचारा, "तिसरा इसम आणि कोयता फिर्यादीत सांगितला होता का?" "सांगितला" म्हणाला, तर फिर्याद समोर ठेवा: "मग तो इथे का नाही?" ही उणीव झाली. ती फिर्याद नोंदवणाऱ्या अंमलदाराकडूनही कबूल करून घ्या. लिहिलेलं वाक्यच फिर्यादी नाकारत असेल, तर ते वाचून दाखवा, तेवढ्याच भागावर 'अ' खूण करून घ्या आणि अंमलदाराच्या साक्षीत शाबीत करा. हे राहिलं, तर युक्तिवादात त्या विसंगतीचा उपयोग शून्य.

नवशिका_वकील: उणीव म्हणजे साक्षच खोटी, असं म्हणता येईल?

उलटतपास: शर्टाचा रंग राहिला तर नाही. हल्लेखोर आणि हत्यारच राहिलं तर हो, जोर लावा. राम कुमार पांडे (१९७५) वाचा, महत्त्वाची गोष्ट गाळणं कसं तोललं जातं ते कळेल.

स्टेशन_डायरी: १७ तासांचा उशीरही आहे. पण उशीर झाला म्हणून खटला आपोआप पडत नाही, खुलासा हवा. जखमी दवाखान्यात असेल तर कोर्ट सहज मानतं. तुम्ही विचारायचं ते हे: मधे कोण भेटलं, गुन्हा नोंदल्याची वेळ काय, आणि दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल कधी पोचला (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, कलम १७६). थुलिया काली (१९७२) इथे कामाला येतो. आधी फोनवर खबर गेली असेल, तर स्टेशन डायरीची (पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीची) नोंदही मागवा. फोनवरच्या खबरेत गुन्ह्याचा पुरेसा तपशील असेल आणि तपास सुरू झाल्यावर 'एफआयआर' लिहिली असेल, तर ती याच संहितेच्या कलम १८१ च्या कचाट्यात सापडते: तपासात पोलिसांना दिलेला जबाब ठरते, पुष्टीसाठी वापरता येत नाही.

नवशिका_वकील: अपवाद काहीच नाहीत का?

उलटतपास: फिर्यादी मेला आणि त्याच्या मृत्यूचं कारण किंवा परिस्थिती फिर्यादीत असेल, तर ती मृत्युपूर्व जबाब ठरते, साक्ष अधिनियम कलम २६. मुन्नू राजा, १९७६. नंतर वेगळ्याच आजाराने गेला, तर नाही.

स्टेशन_डायरी: आणि आरोपीनेच फिर्याद दिली असेल तर अघ्नू नागेसिया (१९६६). कबुली असलेला सगळा मजकूर बाद. उरतं ते फिर्याद कोणी दिली एवढंच, शिवाय माहितीवरून वस्तू सापडली असेल तर तेवढा भाग.

हो, आणि सरावखटल्यातली तारीख बघा. १ जुलै २०२४ ला सुनावणी आधीच सुरू असेल, तर कलमं जुन्या साक्ष कायद्याची: १४८, १६०, २६ ऐवजी १४५, १५७, ३२.