हंगाम नसताना अंजिराला शाप का? मुलीच्या प्रश्नांना काय सांगायचं?

वसईची_आई
मुलगी नऊ वर्षांची. धर्मशिक्षणाच्या वर्गातून दोन प्रश्न घेऊन आली. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानात, ११ व्या अध्यायात, अंजिराचा हंगाम नव्हता असं स्पष्ट लिहिलंय, मग येशूने झाडाला शाप का दिला, झाडाची काय चूक? आणि बारा वर्षांचा येशू घरच्यांना न सांगता यरुशलेमात राहिला, तर त्याला कुणी रागावलं कसं नाही? माझं एकही उत्तर तिच्यापुढे टिकत नाही. मग आवाज चढतो आणि 'देवाच्या गोष्टीत शंका काढू नये' असं तोंडून निघतं. खरं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मलाही हवंय. झोपण्याआधीची पंधरा मिनिटं हाताशी असतात.

मार्कवाचक
अंजिराची गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते, म्हणून ती विचित्र वाटते. ११:१२ ते २५ सलग वाचा. आधी झाड, मध्ये मंदिरात पैसे बदलणाऱ्यांचे चौरंग उलथवल्याचा प्रसंग, मग दुसऱ्या सकाळी मुळापासून वाळलेलं झाड. एक गोष्ट मध्येच तोडून तिच्या पोटात दुसरी ठेवायची ही मार्कची नेहमीची रीत आहे. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाची बाई (५:२१–४३) अशीच बसवली आहे. झाडाला पानं भरपूर, फळ नाही. मंदिरात गर्दी भरपूर, प्रार्थना नाही. हे नऊ वर्षांच्या मुलीला कळतं.

हंगामाचं म्हणाल तर ही गोष्ट वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमाराची, आणि तो मार्च-एप्रिलात येतो. तेव्हा तिकडच्या अंजिराला पानांबरोबर जुन्या फांदीवर लहान फळं धरतात. मुख्य पीक उन्हाळ्याच्या अखेरीस. पुरंदरचे दोन बहार ज्यांना माहीत आहेत त्यांना हे नवीन नाही. त्यामुळे 'पानं होती, म्हणजे काहीतरी फळ असायला हवं होतं' असं काही अभ्यासक म्हणतात. सांगा, पण त्यावर फार विसंबू नका. 'हंगाम नव्हता' हे मार्कनेच लिहिलंय आणि चाणाक्ष मूल तिथेच बोट ठेवणार. हीच गोष्ट सांगणारा दुसरा शुभवर्तमानकार मत्तय (२१:१८–२२) हे वाक्य देत नाही आणि त्याच्याकडे झाड लगेच वाळतं. दोघांची खिचडी करून सांगू नका.

दुसऱ्या रात्री लूकच्या शुभवर्तमानातला १३:६–९ हा दाखला घ्या. तिथेही अंजीरच. तीन वर्षं फळ नाही, मालक तोडायला सांगतो, माळी म्हणतो एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणून खत घालतो. पुढे झाडाचं काय झालं ते लूक सांगतच नाही. तिला विचारा, काय झालं असेल.

पाचवं_रहस्य
येशूला कुणी रागावलं कसं नाही? त्याची आई मरिया रागावली की! लूक २:४८ वाचा: बाळा, तू आमच्याशी असा का वागलास, आम्ही किती कष्टी होऊन तुला शोधत होतो. मुलांच्या चित्रपुस्तकांत हे गुळमुळीत करून टाकतात.

नासरेथ ते यरुशलेम शंभर किलोमीटरच्या वर, जथ्याबरोबर पायी चार-पाच दिवस. दिंडीत पोर पुढच्या माणसांत असेल असं धरून चालावं, तसं त्यांनी धरलं. दिवसभर चालल्यावर नातेवाइकांत शोधलं, मग मागे फिरले. 'तीन दिवसांनी' हे बहुधा जाण्याचा, परतीचा आणि तो मंदिरात सापडल्याचा दिवस धरून आहे.

४९ व्या वचनात येशू आईला उत्तर देतो, तिथे मूळ ग्रीक शब्द 'माझ्या पित्याच्या… मध्ये' एवढेच आहेत, नाम गाळलेलं. म्हणून कुठे 'घरात' येतं, कुठे 'कामात'. घरात दोन भाषांतरं असतील तर शेजारी ठेवा, मुलांना ही शोधाशोध आवडते. आणि ५० वं वचन अजिबात गाळू नका: तो काय म्हणाला ते आईबापांना कळलं नाही. ५१ मध्ये मरिया ते सगळं मनात जपून ठेवते. याच वचनात 'तो त्यांच्या आज्ञेत राहिला' असंही आहे, त्याची छडी मात्र करू नका. पोरं लगेच ओळखतात.

रविवारची_शाळा
वरचं सगळं बरोबर, पण 'मनात जपून ठेव' ही पळवाट होऊ शकते. 'मलाही कळलं नाही' म्हणाल तर त्याच दमात पुन्हा कधी बघायचं तेही सांगा: रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर. एक वही ठेवा, डाव्या पानावर तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत, उजवं पान कोरं.

पंधरा मिनिटांतली पाच वाचायला, एकदा तुम्ही, एकदा ती. मग तिचं बोलणं; तुम्ही निदान तीन मिनिटं काहीही समजावायचं नाही. अवघड भाग हाच आहे. आवाज चढतो तो बहुधा इथेच, कारण उत्तर आत्ताच द्यायचं असं आपण धरून बसतो. शेवटी एका ओळीची प्रार्थना. मार्क ९:२४ मधल्या बापाची घ्या, आजारी मुलाला घेऊन आलेल्या: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा.

वसईची_आई
वही आजच आणते. पुढच्या आठवड्यात वर्गात मार्क ७ आहे, ती परकी बाई आणि 'मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नाही' हे येशूचं तिला बोललेलं वाक्य. पोटात गोळा आलाय.

मार्कवाचक
७:२४–३०. तिथला ग्रीक शब्द घरातल्या लहान कुत्र्यांचा आहे, पण तेवढ्याने बोच जात नाही, तेव्हा त्याने सुरुवात करू नका. आधी तिला चिडू द्या. मग २८ व्या वचनावर, त्या बाईच्या उत्तरावर, थांबा आणि विचारा, ती बाई उठून निघून का गेली नाही? ती आपल्या आजारी मुलीसाठी आली होती, हे तुमच्या लेकीला स्वतःच सापडू द्या.