एकाच खुर्चीत २७ वर्षं: बेंजामिन मेज आणि मोअरहाउस कॉलेज

वर्धेकर
१९३६-३७ च्या हिवाळ्यात आमच्या वर्ध्याला एक कृष्णवर्णीय अमेरिकन प्राध्यापक गांधीजींना भेटायला आले होते, बेंजामिन मेज. आईवडील जन्माने गुलाम. साउथ कॅरोलायनात १८९८ साली बंदूकधारी गोऱ्या टोळक्याने वडिलांना टोपी काढून वाकायला लावलं, ते त्यांनी चार वर्षांचे असताना पाहिलं. पहिली आठवण तीच.

१९४० मध्ये ते अटलांटाच्या मोअरहाउस या कृष्णवर्णीय मुलांच्या कॉलेजचे प्रेसिडेंट झाले (प्राचार्य आणि संस्थाचालक एकाच माणसात, असं समजा) आणि १९६७ पर्यंत राहिले. महायुद्धात मुलं सैन्यात गेली, वर्ग ओस पडले, तर यांनी अकरावी झालेल्या हुशार पोरांना थेट घेतलं. त्यातलाच एक, १९४४ साली आलेला पंधरा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग. मेज मंगळवारी सकाळी सभेत बोलत, आणि हा पोरगा नंतर त्यांना गाठून मुद्द्यांवर हुज्जत घाली.

माझं म्हणणं एवढंच की असं काम पाच वर्षांच्या मुदतीत होत नाही. आपल्याकडे प्राचार्याला खुर्ची गरम करायच्या आत निरोप समारंभाची शाल मिळते.

खडूची_पूड
असहमत. त्याच अटलांटात, हाकेच्या अंतरावर अटलांटा युनिव्हर्सिटी. तिथे रूफस क्लेमेंट प्रेसिडेंट, १९३७ ते १९६७, म्हणजे मेज यांच्याहून तीन वर्षं जास्तच. या गृहस्थांच्या राजवटीत १९४४ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना इच्छेविरुद्ध निवृत्त केलं गेलं. एवढा मोठा कृष्णवर्णीय विचारवंत! तेच शहर, तोच काळ, तेवढीच लांब कारकीर्द. मग श्रेय वर्षांना कसं देता?

आणि 'खुर्ची गरम करायच्या आत' वगैरे राहू द्या. मी ज्या कॉलेजात शिकवलं तिथे एकच कुटुंब तीस वर्षं चिकटून होतं. लायब्ररीत नवी पुस्तकं यायची ती अध्यक्षांच्या एकसष्टीची गौरवग्रंथं.

वर्धेकर
गौरवग्रंथाला दाद. पण क्लेमेंट वाईट निघाले म्हणून मेज यांची २७ वर्षं फुकट जात नाहीत. १९५६ चा प्रसंग बघा. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीत चाललेल्या बहिष्कारात किंगला अटक होणार हे दिसत होतं. वडिलांनी अटलांटातली वजनदार मंडळी घरी गोळा केली. बहुतेकांचा सूर एकच, परत जाऊ नकोस. किंग म्हणाले जाणारच, आणि तेव्हा मेज ठामपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. बारा वर्षांची ओळख होती म्हणून ते शक्य झालं.

फीची_पावती
मेज यांना पोरं मागून 'बक बेनी' म्हणत. बक म्हणजे बोलीत डॉलर. फी थकली की हा माणूस पिच्छा सोडत नसे. मी कॉलेजच्या हिशेबाच्या खिडकीमागे नोकरी केली आहे, त्यामुळे मला हे नाव भाषणांपेक्षा जास्त आवडलं. हात आखडता नसता तर कॉलेज टिकलं असतं का, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही.

दक्षिणायन
वर्ध्याचा अभिमान ठीक आहे, पुढचं म्हैसूरही सांगा की. त्याच दौऱ्यात तिथल्या अस्पृश्य मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मेज यांची ओळख करून दिली: हे अमेरिकेतले अस्पृश्य, तरी एवढे मोठे झाले. मेज आधी चमकले, त्यांना ते झोंबलं. मग लक्षात आलं की आपल्या देशात आपलं तेच स्थान आहे. मला त्यांच्या अख्ख्या कारकीर्दीत हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तेव्हा ते मोअरहाउसच्या खुर्चीत बसलेसुद्धा नव्हते!

खडूची_पूड
@दक्षिणायन, नेमकं. आता शेवटचा अंकही बघू. १९७० ते १९८१ मेज अटलांटाच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे एक खुर्ची सुटली, दुसरी धरली. १९७३ मध्ये तडजोड झाली: मुलांना बसने दुसऱ्या वस्तीत नेऊन गोऱ्या-काळ्यांच्या शाळा मिसळायचा आग्रह बराच सैल केला आणि बदल्यात वरच्या जागा कृष्णवर्णीयांना मिळाल्या, शहराचे शाळाप्रमुखपद धरून. वाटाघाटी करणारे स्थानिक नेते लॉनी किंग हे १९६० च्या वर्णभेदविरोधी सत्याग्रहातले मोअरहाउसचेच विद्यार्थी. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी) त्यांना यासाठी निलंबित केलं. आयुष्यभर विभक्त शाळांविरुद्ध बोललेल्या मेज यांनी हे पत्करलं, ते का?

वर्धेकर
गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत चालली होती. मिसळायला गोरी मुलं उरणार कुठून? मला ती तडजोड आवडत नाही, पण ७८ वर्षांच्या माणसाने ती डोळे उघडे ठेवून केली.

दक्षिणायन
डोळे उघडे होते, हे मान्य. शाळा मात्र वेगळ्याच राहिल्या.

फीची_पावती
मेज आणि किंग यांचं ठरलं होतं, जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या अंत्यविधीत बोलायचं. ९ एप्रिल १९६८ ला मोअरहाउसच्या आवारात त्र्याहत्तर वर्षांच्या गुरूला एकोणचाळीस वर्षांच्या शिष्यासाठी बोलावं लागलं. तेव्हा ते प्रेसिडेंट नव्हतेच.

बाकी कार्यकाळाच्या वादात एक भर. मेज यांच्यानंतर आलेले ह्यू ग्लॉस्टरही २० वर्षं राहिले आणि १९७५ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालं. खडूची_पूड, यांना कुठल्या रकान्यात टाकता?