उड्डाणपुलामुळे आलेला घसारा कोणत्या प्रकारात धरायचा?

प्रश्न
मालमत्तेच्या मूल्यांकनाची परीक्षा देतेय. भौतिक घसारा, म्हणजे झिजेमुळे किमतीत होणारी घट, समजतो, पण कार्यात्मक आणि बाह्य यांत माझी गल्लत होते. आमच्या सरावाच्या उदाहरणात आहे तसा खिडकीसमोर उड्डाणपूल आला आणि खोली अंधारी झाली, तर दोष घराचाच ना? शिवाय घराच्या वयावरून घसाऱ्याचे टक्के काढल्यावर हे वेगळं कशाला मोजायचं?

उत्तर १
दोषाचं मूळ कुंपणाच्या आत आहे की बाहेर, ते बघा. पूल बाहेर आहे, म्हणून घसारा बाह्य.

उत्तर २
बरोबर. वयाच्या टक्क्यांबद्दल मी सांगतो, कारण तिथे मीच चुकलो होतो.

नवखा असताना एक दुमजली घर पाहिलं. छताचं प्लास्टर ठोकलं की पोकळ वाजायचं, एका कोपऱ्यात गंजून फुगलेली सळई उघडी पडली होती. घराचं वय ३० वर्षं, पण वायरिंग, नळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नवं, म्हणून परिणामी वय, म्हणजे स्थितीवरून घर जेवढं जुनं वाटतं ते वय, २० धरलं. एकूण आयुष्य ६०. २० भागिले ६०, म्हणजे सुमारे ३३ टक्के. अहवाल लिहून मोकळा झालो.

वरिष्ठांनी नकाशावर बोट ठेवलं. मागच्या बेडरूममध्ये जायला पुढच्या बेडरूममधूनच वाट. "ही अडचण तुझ्या ३३ टक्क्यांत कुठे आहे?" कुठेच नव्हती. घराचा रंग ओला होता तेव्हाही ती होती, वयाशी तिचा संबंधच नाही. असा घराच्या रचनेतच असलेल्या दोषामुळे येतो तो कार्यात्मक घसारा.

मग पुढचा प्रश्न, तो दोष काढणं परवडतं का? पुढच्या खोलीतून तीन फुटांची बोळ काढायचा खर्च वाढणाऱ्या किमतीपेक्षा जास्त नसेल, तर घसारा दुरुस्तीयोग्य. भिंत पाडता येते एवढ्यावरून तसं ठरत नाही. पुलाचं मात्र घरमालक काहीच करू शकत नाही.

आणि घसारा बांधकामाला लागतो, जमिनीला नाही. तुम्ही ज्या व्यवहारांवरून जमिनीचा दर घेतलात ते त्याच पुलालगतचे असतील, तर पुलाचा फटका त्या दरात आधीच आलेला असतो. बांधकामातून तो पुन्हा पूर्ण वजा केलात तर मालकावर अन्याय होतो. याबाबत कृपया निष्काळजी राहू नका, त्या आकड्यावर कुणाचं तरी कर्ज ठरतं.

प्रश्नकर्ती
सर, आमच्या उदाहरणात जमिनीचा दर पुलाआधीचा की नंतरचा, हे दिलेलंच नाही.

उत्तर २
मग गृहीत काय धरलं ते उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा आणि मगच गणित मांडा.