अनुभव धागा: सोलापुरातले फुकट उन्हाळी वर्ग

पहिल्या दिवशी आमच्या वाचनवर्गाला २३ पोरं आली. चौथ्या दिवशी ९. मला वाटलं, कंटाळली. त्यातल्या एकीच्या घरी गेले, तर ती घागर घेऊन नळावर उभी. "मॅडम, आज पाणी आलंय." मी सोलापुरातच राहते, पाण्याच्या दिवशी पहाटे उठून भांडी मांडते, तरी वर्गाचं वेळापत्रक करताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता वर्गाच्या भिंतीवर कुठल्या गल्लीला कधी पाणी, तेही लिहिलेलं असतं. पाण्याच्या दिवशी त्या गल्लीतली मुलं उशिरा आली तरी चालतं.

वर्ग साखर पेठेजवळ भरतो, एका देवळाच्या सभामंडपात, सकाळी ७ ते ९. त्यानंतर इथं बसवत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की पत्र्याखाली पुस्तक धरणं ही शिक्षाच असते. मुलं १० ते १४ वयाची आहेत. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दख्खनी, कुणाच्या मराठी. शाळेचं माध्यम पुन्हा निराळंच. म्हणून आम्ही प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून एकच गोष्ट मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत छापून घेतो. तिथली पुस्तकं फुकट वाचता येतात, छापताही येतात. एक मूल मराठीत वाचतं, दुसरं तीच गोष्ट तेलुगूत. मग चित्रावर बोट ठेवून एकमेकांना शब्द विचारतात. असं विचारताना आमच्याकडं सर्वात गप्प बसणारा मुलगा पहिल्यांदा बोलला.

तुम्ही असा वर्ग घेतला असेल, मुलं पाठवली असतील, लहानपणी स्वतः गेला असाल, तर लिहा. काय बिघडलं तेही लिहा, नव्यानं सुरू करणाऱ्याला त्याचाच जास्त उपयोग होतो. आणि एक विनंती. गोष्टी वाचून दाखवायला तेलुगूसाठी एक अक्का येतात, उर्दूसाठी एक सर येतात. कन्नडची जागा रिकामी आहे. कुणी आहे का?

विडी घरकुल, कुंभारी. एक आई

मी सांगलाले, पोरगी लिहिलाली. आमच्याकडं सुट्टी लागली की पोरी आईजवळ बसतात. पानं भिजवायची, कापायची, दोरा बांधायचा. हजार विड्या झाल्या तर त्या दिवसाची मजुरी. पोरीनं पानं कापली की माझ्या दोनशे विड्या जास्त होतात, म्हणून सुट्टीत तिला वर्गाला पाठवायचं म्हणजे घरातले पैसे कमी करायचे. फुकट वर्ग म्हणतात, पण आम्हाला तो एवढ्याला पडतो.

तरी पाठवली. कारण शिकवणारी ताई घरी आली, सुपाजवळ बसली आणि विचारली, किती वाजता सोडलं तर चालेल? आतापर्यंत असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणले, नऊला सोडा, कारखान्यात माल द्यायला जाताना मला लहान पोरगं तिच्याजवळ ठेवावं लागतं. तिनं नऊला सोडलं, रोज. एवढ्यावर माझा विश्वास बसला. पोरगी आता माझं विडी कार्ड वाचून दाखवते. किती माल धरला, किती बाद केला, ते मला कळतंय.

मनपा शाळेतली शिक्षिका

मी सुट्टीत गणिताचा वर्ग घेते. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू घरांतली मुलं ५३ ऐकून ३५ लिहितात, हे मी कितीतरी वर्षं पाहत होते. आधी मी त्याला दुर्लक्ष म्हणायची, वहीत लाल शेरे मारायची. त्या शेऱ्यांचं मला आज वाईट वाटतं.

मराठीत आपण 'त्रेपन्न' म्हणतो. तीन आधी, पन्नास नंतर. तेलुगूत 'याभै मूडु', म्हणजे पन्नास आधी, तीन नंतर. कन्नडमध्येही 'ऐवत्तमूरु', पन्नास आधी. घरी तेलुगूत मोजणारं मूल मराठी शब्द ऐकतं, 'त्रे' कानावर पडताच हात तीन लिहून मोकळा होतो. चूक बुद्धीची नाहीच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला. भाषा बिघडेल म्हणणाऱ्यांची कळकळ मला समजते, पण माझ्या वर्गातली ही मुलं त्या वादात कुणाला दिसली नाहीत. मी उन्हाळ्यात तिन्ही म्हणून घेते. आधी घरच्या भाषेत संख्या, मग 'पन्नास तीन', मग 'त्रेपन्न'. शाळेच्या वर्षात याला वेळ मिळत नाही, सुट्टीत मिळतो. तीन आठवड्यांत बहुतेकांचं उलटं लिहिणं थांबतं.

उर्दू माध्यमात शिकलेला, आता नोकरीला

वरच्या मॅडमना सलाम. आमची वही उजवीकडून उघडते. मराठीच्या उन्हाळी वर्गात मी ती तशी उघडली आणि सगळे हसले. शिकवणाऱ्या दादांनी तेव्हा सगळ्यांना वही त्या बाजूनं उघडायला लावली आणि मला फळ्यावर 'सोलापूर' उर्दूत लिहायला सांगितलं. मी नववीत होतो. अजून तो खडू हातात असल्यासारखं वाटतं.

निवृत्त यंत्रमाग कामगार, अशोक चौक

मी शिक्षक नाही. सातवी झाल्यावर मागावर गेलो, ते हात थकेपर्यंत तिथंच. आमच्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोरांनी उन्हाळी वर्ग काढला आणि म्हणाले, मामा, एक दिवस चादरीबद्दल सांगा. एक दिवसाचे अकरा झाले.

चादरीवरचा मोर कुठून येतो हे मुलांना माहीत नव्हतं. माग घराघरात, पण पोरांना आवाजापलीकडं काही ठाऊक नाही. मी जुने जेकार्डचे पत्ते घेऊन गेलो. पुठ्ठ्याची पट्टी, तिला भोकं. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तो ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. उचललेल्या धाग्यांखालून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. झाली एक ओळ. पुढच्या ओळीला पुढचा पत्ता. अशा शेकडो पत्त्यांची माळ फिरते तेव्हा मोर पुरा होतो.

मग चौकटीच्या वह्या दिल्या. भरलेला चौकोन म्हणजे भोक. मुलांनी आधी आपल्या नावाचं पहिलं अक्षर केलं, कुणी तेलुगू, कुणी मराठी, एकीनं उर्दू. वाकडं अक्षर चौकोनात बसवायचं म्हणजे विचार करावा लागतो. कॉलेजचा पोरगा म्हणाला, मामा, संगणक हेच करतो, आहे किंवा नाही. फ्रान्सच्या जेकार्डनं हे यंत्र १८०४ च्या सुमारास केलं आणि पुढं गणनयंत्राचा विचार करणाऱ्यांनी हे पत्ते उचलले, असं त्यानं मुलांना सांगितलं. मला ते नवीन होतं. इतकी वर्षं ज्या पत्त्यांची धूळ झटकली त्यांची ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. घरी जाऊन बायकोला सांगितली.

ज्याच्या बापाचा माग आहे, त्या पोरानं दुसऱ्या दिवशी बापाला हाताला धरून आणलं. बाप दारातच उभा राहिला, आत येईना. मी त्याला धोटा हातात दिला, म्हटलं, तू दाखव. त्यानं दाखवला.

एक वडील, जुळे सोलापूर

बिघडलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. एका खाजगी क्लासनं 'मोफत समर कॅम्प' लावला होता. पाच दिवस मुलगा आनंदानं गेला. सहाव्या दिवशी पालकांना बोलावलं, मुलांसमोर चाचणीचे गुण वाचले आणि शेजारच्या टेबलावर प्रवेशाचे अर्ज. माझी फी भरायची ऐपत नव्हती. मुलगा घरी येईपर्यंत बोलला नाही, नंतर म्हणाला, "मी ढ आहे का?"

यानंतर पाठवताना मी आधी विचारतो, शेवटच्या दिवशी काय असतं? खऱ्या वर्गात शेवटच्या दिवशी मुलं काहीतरी करून दाखवतात.

अकरावी, विज्ञान शाखा

मी आधी वर्गात शिकायला जायचे, आता शिकवायला जाते. आमचा सर्वात मोठा दिवस १० मेच्या आसपास येतो, शून्य सावलीचा. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १७.७ अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुसरा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला असतो, तेव्हा बहुधा ढग असतात. म्हणून मे चुकवायचा नाही.

खर्च शून्य. सरळ उभी राहील अशी बाटली किंवा पाइपाचा तुकडा, गच्ची आणि खडू. आम्ही ५ तारखेपासून रोज सव्वाबारा ते साडेबारा सावलीच्या टोकावर खूण करतो. सावली रोज आखूड होत जाते आणि त्या दिवशी १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास बाटलीच्या बुडाखाली जाते. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर, असं सगळे धरून चालतात. भारताची वेळ ८२.५ रेखांशावरची आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते, हे मुलांना खडूच्या खुणांवरून पटतं. गच्चीवर अनवाणी येऊ देऊ नका. डोक्याला ओला रुमाल, खाली ताकाची कळशी, आणि पंधरा मिनिटांच्या वर एक मिनिट नाही.

मागच्या वर्षी आम्ही त्याच आठवड्यात सकाळी साडेसहाला मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं. मे १९३० मध्ये याच उन्हात स्वातंत्र्याचं आंदोलन पेटलं आणि इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ लावला होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. एका मुलानं नावं पुन्हा पुन्हा वाचली आणि विचारलं, "हे चौघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलत असतील?" मला उत्तर देता आलं नाही. परत येताना सगळी वाट मुलं त्यावरच बोलत होती.

नवीन वर्ग सुरू करणारी, नई जिंदगी

ताई, दहावीच्या आतल्या मुलींना घरून सोडत नाहीत, काय करावं? जागा आहे, पुस्तकं आहेत.

धागा सुरू करणारी

मुलींच्या घरात वर्ग भरवून बघा. आम्ही पहिला आठवडा एका मुलीच्या आजीच्या ओसरीवर घेतला होता. आजी दारात बसून सगळं ऐकायच्या. नंतर स्वतःच शेजारच्या चार घरी जाऊन सांगून आल्या.

एक आजी, कसबा

नातू टाईप करतोय. माझं शिक्षण कन्नड शाळेत सातवीपर्यंत. लग्नानंतर कन्नड पुस्तक हातात आलं नाही, पण परवा नातवानं मोबाईलवर तुमच्या त्या संकेतस्थळावरची एक कन्नड गोष्ट काढून दिली तर अडखळत का होईना, पूर्ण वाचली. जोडाक्षरांना वेळ लागतो. चालत असेल तर मी येते. साखर पेठ रिक्षानं लांब नाही. फक्त गुरुवारी आमच्याकडं पाणी असतं, त्या दिवशी साडेसातला पोचेन.