मदत हवी आहे: हिमस्खलनाचा इशारा तिसऱ्या पातळीचा आहे, निघावे की नाही?

भुईकोट
आम्ही सोलापूरचे सहा जण गड्ड्याची यात्रा आटोपली की कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून पुढे डोंगरात जाणार आहोत. चंडीगडच्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेचे हिमस्खलन पत्रक पाहिले, तर त्यात आमच्या जिल्ह्यापुढे तिसरी पातळी आणि नारिंगी रंग दाखवला आहे. आयोजक म्हणतात की ते पत्रक सैन्यासाठी असते, ट्रेकवाल्यांनी मनावर घेऊ नये. तिसऱ्या पातळीला जाता येते की नाही, एवढेच कृपया सांगावे. सामानाची यादी नको, ती झाली आहे.

गिरिजन
“आमचा जिल्हा” म्हणजे कोणता? सोलापूर जिल्ह्यात हिमस्खलन होत नाही, एवढे खात्रीने सांगता येईल. जिल्हा, वाट, सर्वांत उंच जागा आणि तारखा कळल्याशिवाय “जा” किंवा “जाऊ नका” असे कोणी सांगू नये. पत्रक सैन्यासाठी असते हे कारण मात्र पटण्यासारखे नाही, कारण बर्फाला गणवेश ओळखता येत नाही. पाच पातळ्यांपैकी तिसरी ही मधली असल्यामुळे ती मध्यम वाटते, पण तिचा अर्थ असा, की काही उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही बर्फाचा थर सुटू शकतो. युरोपातले कितीतरी मृत्यू याच पातळीच्या दिवशी झालेले आहेत, कारण चौथ्या पातळीला लोक आपणहून घरी बसतात.

कंबरतलाव
उंचीवरचा त्रास हाच खरा शत्रू आहे. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच सुरू करावी आणि पाणी भरपूर प्यावे.

भुईकोट
काका, गोळीचे विचारले नव्हते. जिल्हा चमोली, औलीहून गोरसों बुग्याल या कुरणामार्गे कुआरी खिंड, जानेवारीचा शेवटचा आठवडा. इतके सगळे लागेल असे वाटले नव्हते.

कातळवेडा
मी उत्तरकाशीला प्राथमिक गिर्यारोहणाचा अभ्यासक्रम केला आहे, म्हणून सांगतो. प्रत्येकाच्या अंगावर गाडलेल्याचा ठाव सांगणारे ४५७ किलोहर्ट्झचे शोधयंत्र, पाठीवर शोधकाठी आणि फावडे असेल, तर तिसऱ्या पातळीला बिनधास्त जावे. दिल्लीत भाड्याने मिळते का ते पाहावे.

गिरिजन
“बिनधास्त” हा शब्द मागे घ्यावा, ही विनंती. ही तिन्ही साधने माणूस गाडला गेल्यानंतर उपयोगी पडतात, गाडला जाऊ नये म्हणून नव्हे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढता आले तर वाचण्याची आशा बरीच असते, अर्ध्या तासानंतर ती फार घसरते. शोधयंत्र आयुष्यात एकदाही हाताळले नाही असे सहा जण त्या मिनिटांत काय करतील, याचा विचार करावा.

कातळवेडा
मग साधने नेऊच नयेत, असे आपले म्हणणे आहे काय?

गिरिजन
न्यावीत, आणि सराव करूनच न्यावीत. माझे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आधी उतार पाहावा, मग साधने.

साखरपेठ
उताराचे बोलणे निघाले आहे तर थोडे सविस्तर लिहितो. पाटीसारखे एकसंध सरकणारे हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. त्याहून सौम्य उतारावर चालतानाही निर्धास्त राहता येत नाही, कारण डोक्यावरचा तीव्र उतार सुटून खाली येऊ शकतो. दुसरी गोष्ट थरांची. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमीन त्या मानाने उबदार आणि वरची हवा कडाक्याची थंड, त्यामुळे तळाचे कण बदलून एकमेकांना न धरणारे रवाळ दाणे होतात. आपल्या कारखान्यातली साखर मुठीत कितीही दाबली तरी तिचा गोळा होत नाही, तसाच तो थर असतो. त्यावर पश्चिमी झंझावाताचा नवा बर्फ पडला आणि वाऱ्याने तो आडोशाच्या बाजूला दाबून बसवला, की वरून कणखर दिसणारी पाटी खाली निराधार असते. पावलाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फात तडा धावत गेला, तर त्याच क्षणी मागे फिरावे. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर हा दोष आठवडेच्या आठवडे टिकतो.

भुईकोट
आमचे गाइड काठी खुपसून थर पाहतात म्हणे. ते तिथलेच आहेत.

साखरपेठ
काठीने थर जाणवतो, त्याची पकड कळत नाही. त्यासाठी खड्डा खणून बर्फाचा खांब मोकळा करतात आणि त्यावर फावडे ठेवून आधी मनगटाने दहा, मग कोपरापासून दहा, मग खांद्यापासून दहा थापा मारतात. तेही एका जागेपुरतेच खरे.

गिरिजन
स्थानिक असण्याबद्दल मला आदर आहे, पण ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीकडच्या द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात प्रशिक्षणार्थींबरोबर प्रशिक्षकही दगावले. आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तुमच्याच चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळ कामगारांची छावणी गाडली जाऊन आठ जण दगावले. ते तर चढायलाही गेले नव्हते.

कंबरतलाव
म्हणूनच मी म्हणतो की डिसेंबरात महाबळेश्वर बरे.

भुईकोट
कृपया विषयावर राहावे. खिंडीपर्यंतची वाट बरीचशी रुंद धारेवरून आणि कुरणांतून आहे, असे कळले. तिथून पांगरचुल्ल्याचे शिखर करून परत.

कातळवेडा
पांगरचुल्ला? हे आता सांगता?

गिरिजन
प्रश्नच बदलला. शिखर साडेचार हजार मीटरच्या वर आहे आणि लोक तिथे साधारणपणे एप्रिल-मे महिन्यांत, बर्फ बराच बसल्यानंतर जातात. जानेवारीत, तिसऱ्या पातळीला, तो वरचा चढ मी कोणालाही सुचवणार नाही. खिंडीपर्यंतचा विचार वेगळा करता येईल. त्यासाठी पत्रक रोज संध्याकाळी पाहावे, कारण ते पुढच्या चोवीस तासांपुरतेच असते. आजच्या पत्रकावर शेवटच्या आठवड्याचा निर्णय होत नाही. मोठी हिमवृष्टी झाली तर निदान दोन दिवस थांबावे, आणि नकाशावर वाटेच्या वरचे उतार मोजून घ्यावेत.

कातळवेडा
इथे मात्र माझे एकमत आहे. शिखर सोडावे, शोधयंत्रे सोडू नयेत.

भुईकोट
आयोजकांना आत्ताच फोन केला. ते म्हणतात, शिखराचे पैसे परत मिळणार नाहीत आणि आम्ही नेहमीच्या वाटेनेच नेतो.

साखरपेठ
नेहमीची म्हणजे जानेवारीतली की एप्रिलमधली, हे विचारलेत का?